विमानाचं अंतर एकच, वेळ मात्र दोन: लांब पल्ल्याच्या उड्डाणाचा हिशेब कसा करायचा

प्रश्न असा आहे: दूरदूरच्या दोन विमानतळांमधलं अंतर नेमकं कसं काढायचं आणि त्यावरून प्रवासाला किती वेळ लागेल हे कसं ठरवायचं? एका संकेतस्थळावर एक आकडा येतो, दुसऱ्यावर दुसरा, आणि तिकिटावरच्या वेळा दोन्हींशी जुळत नाहीत. शिवाय त्याच मार्गावर जाताना दहा तास आणि येताना साडेअकरा, हे कसं?

विमान निघण्याआधी त्याचा मार्ग, इंधन आणि वेळ ठरवणं हे माझं रोजचं काम आहे. हा प्रश्न मला फार आवडतो, कारण कागद, पेन्सिल आणि मोबाइलमधला सायंटिफिक कॅल्क्युलेटर एवढ्यावर त्याचं बरंचसं उत्तर काढता येतं. तेव्हा सगळा हिशेब करूनच दाखवतो.

आधी अंतर. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून अंतर मोजू नका. गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरली की ध्रुवांकडचा भाग ताणला जातो आणि नकाशावरची सरळ रेषा प्रत्यक्षात लांबचा रस्ता ठरते. पृथ्वीच्या गोलावर दोन ठिकाणांमध्ये दोरा ताणून धरा. तो ज्या रेषेवर बसेल तो सर्वांत जवळचा मार्ग. त्याला ग्रेट सर्कल म्हणजेच बृहद्वृत्त म्हणतात. पृथ्वीच्या केंद्रातून जाणाऱ्या प्रतलाने पृष्ठभागावर कापलेलं हे वर्तुळ असतं. संकेतस्थळांवरचे अंतर-कॅल्क्युलेटर जो आकडा देतात तो या वर्तुळाच्या तुकड्याच्या लांबीचा असतो.

सूत्र एका ओळीचं आहे. दोन्ही ठिकाणांचे अक्षांश अ१ आणि अ२, रेखांशांमधला फरक र, आणि पृथ्वीच्या केंद्रापाशी होणारा कोन क धरला, तर:

कोसाइन क = (साइन अ१ × साइन अ२) + (कोसाइन अ१ × कोसाइन अ२ × कोसाइन र)

कोन अंशांत आला की त्याला १११.१९५ ने गुणा, किलोमीटर मिळतील. पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किमी धरली की एका अंशाला तेवढं अंतर पडतं. आमच्या कामात मात्र किलोमीटर फारसे कोणी वापरत नाही, सगळं सागरी मैलांत चालतं. एक सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर. अक्षांशाच्या एका मिनिटाला, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाला, साधारण एक सागरी मैल पडतो, त्यामुळे कोनाला ६० ने गुणलं की थेट सागरी मैल हातात येतात. एवढी सोय दुसऱ्या कोणत्याही एककात नाही.

आता खरं उदाहरण घेऊ: टोकियोचा नरिता विमानतळ ते लॉस एंजेलिस. नरिता ३५.७६५ उत्तर, १४०.३८६ पूर्व. लॉस एंजेलिस ३३.९४३ उत्तर, ११८.४०८ पश्चिम. एक पूर्व आणि एक पश्चिम, आणि पश्चिम रेखांश उणे धरतात, म्हणून फरक काढताना रेखांशांची बेरीज करायची: २५८.७९४. हा आकडा १८० च्या वर गेला, म्हणजे आपण पृथ्वीला लांबून वळसा घातला. ३६० मधून वजा केला की १०१.२०६ उरतात.

पहिला गुणाकार ०.५८४५ × ०.५५८४ = ०.३२६४. दुसऱ्यात ०.८११४ × ०.८२९६ × (−०.१९४३) = −०.१३०८. बेरीज ०.१९५६. ज्याचा कोसाइन एवढा आहे तो कोन ७८.७२ अंश. त्याला १११.१९५ ने गुणलं की ८,७५३ किमी, आणि ६० ने गुणलं की सुमारे ४,७२३ सागरी मैल.

हीच दोन शहरं जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. नकाशावर पाहणाऱ्याला वाटतं की विमान सरळ पूर्वेला जाईल. त्या अक्षांशावरून तसं गेलं तर अंतर ९,२३५ किमीच्या आसपास भरतं, म्हणजे सुमारे ४८० किमी जास्त. जवळचा मार्ग वर अलास्काच्या दिशेने चढतो, ४७ अंश उत्तरेच्याही पुढे जातो आणि मग खाली उतरतो. प्रवासात समोरच्या पडद्यावर दिसणारी कमान हीच. विमान वळसा घेत नसतं, वळण नकाशात असतं.

सूत्राशिवाय तोंडी करता येईल असंही एक सुंदर उदाहरण आहे. न्यूयॉर्कचा केनेडी विमानतळ आणि सिंगापूरचा चांगी यांच्या रेखांशांत जवळजवळ १७८ अंशांचा फरक आहे. म्हणजे दोन्ही ठिकाणं पृथ्वीच्या समोरासमोरच्या रेखांशांवर आहेत, आणि जवळचा मार्ग जवळजवळ उत्तर ध्रुवावरूनच जातो. ९० मधून अक्षांश वजा केला की न्यूयॉर्कपासून ध्रुव ४९.३६ अंशांवर, ध्रुवापासून सिंगापूर ८८.६४ अंशांवर. बेरीज १३८ अंश, म्हणजे १५,३४५ किमी. जगातल्या सर्वांत लांब थेट उड्डाणांपैकी एकाचं अंतर दोन बेरजांत निघालं.

मग दोन कॅल्क्युलेटर दोन आकडे का देतात? पृथ्वी पूर्ण गोल नाही हे त्याचं कारण. विषुववृत्ताशी तिची त्रिज्या ६,३७८ किमी आहे, ध्रुवाकडे ६,३५७. काही कॅल्क्युलेटर गोल धरतात, काही ही चपटी आकृती धरतात. फरक जास्तीत जास्त अर्ध्या टक्क्याच्या आसपास पडतो. टोकियो–लॉस एंजेलिसमध्ये चपट्या आकृतीचं उत्तर १५-२० किमीने जास्त येतं. विमानाला तेवढ्याला एक-दीड मिनिट लागतं, त्यामुळे प्रवाशाने त्याची चिंता करू नये. विमान ११ किमी उंचीवरून उडतं म्हणून वर्तुळ मोठं होत असेल, अशी शंकाही लोक काढतात. शंका बरोबर आहे, पण त्याचाही परिणाम जेमतेम ०.१७ टक्के.

खरी गडबड होते ती आकडे भरताना. पश्चिम रेखांशाला उणे चिन्ह लावायचं राहिलं, तर वरच्याच उदाहरणात अंतर ८,७५३ ऐवजी सुमारे २,०१० किमी येतं आणि सूत्र तक्रारही करत नाही. ३५ अंश ४५ मिनिटं म्हणजे ३५.७५, ३५.४५ नव्हे. स्प्रेडशीटमध्ये सूत्र बसवत असाल तर तिथली साइन-कोसाइन फलनं कोन रेडियनमध्ये (कोन मोजण्याच्या दुसऱ्या एककात) मागतात, अंश दिले की निरर्थक उत्तर मिळतं. आणि शहराच्या नावावर विसंबू नका, विमानतळाचा तीन अक्षरी कोड पाहा. सिडनी ऑस्ट्रेलियात आहे तशी कॅनडाच्या नोव्हा स्कोशियातही आहे. सॅन होजे कॅलिफोर्नियात आहे आणि कोस्टा रिकाची राजधानीही तीच. कोड तपासणं हे काही सेकंदांचं काम आहे, ते कधीही टाळू नये.

इथपर्यंत भूमिती झाली. अंतराचा हा आकडा एकदा काढला की कायमचा. वेळेचं तसं नाही, कारण विमान जमिनीवरून नव्हे तर हवेतून चालतं, आणि ती हवा स्वतः वाहत असते.

लांब पल्ल्याची आजची विमानं ध्वनीच्या वेगाच्या साधारण ८५ टक्के वेगाने उडतात. बोइंग ७८७ आणि एअरबस ए३५० दोन्हींचा नेहमीचा वेग तोच. ११ किमी उंचीवर प्रमाण तापमान उणे ५६.५ अंश सेल्सिअस असतं आणि त्या थंडीत ध्वनीचा वेग ताशी सुमारे १,०६० किमीपर्यंत उतरतो. त्याचे ८५ टक्के म्हणजे ताशी ९०० किमी. हा विमानाचा भोवतालच्या हवेतला वेग. जमिनीवरचा वेग हवा कुठे आणि किती जोरात चालली आहे त्यावर ठरतो. प्रवाहात होडी वल्हवणाऱ्याला हे सांगावं लागत नाही: हाताचा जोर तोच, पण काठावरची झाडं मागे पडण्याचा वेग प्रवाहाच्या दिशेने जाताना वेगळा आणि उलट जाताना वेगळा.

मध्य अक्षांशांत, नेमक्या विमानांच्या उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वाऱ्याचा पट्टा असतो. तोच जेट स्ट्रीम. ताशी १०० ते २०० किमी हा त्याचा नेहमीचा जोर, हिवाळ्यात गाभ्यात ३०० च्याही वर जातो. ९ फेब्रुवारी २०२० रोजी ब्रिटनवर वादळ आलेलं असताना ब्रिटिश एअरवेजचं एक जंबो न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. त्याचा जमिनीवरचा वेग ताशी १,३०० किमीच्या वर गेला होता. विमानाने ध्वनीचा वेग ओलांडला असं तेव्हा अनेकांना वाटलं. तसं काही झालं नव्हतं. हवेच्या तुलनेत ते नेहमीच्याच वेगाने उडत होतं, हवाच त्याला घेऊन धावत होती.

एक गैरसमज इथेच दूर करतो. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून पश्चिमेला जाताना ठिकाण आपणहून जवळ येतं, असा तर्क बऱ्याच जणांचा असतो. वातावरण पृथ्वीबरोबरच फिरतं आणि विमानही धावपट्टीवर असल्यापासून त्या फिरण्यात सामील असतं, त्यामुळे असा फायदा मिळत नाही. प्रत्यक्षात उलटंच दिसतं: मध्य अक्षांशांत पूर्वेला जाणारं विमान लवकर पोचतं, आणि ते वाऱ्यामुळे. पृथ्वीच्या फिरण्याचा या वाऱ्यांची दिशा ठरण्यात वाटा आहे, पण तो तेवढाच.

आता वेळेचं गणित. मी प्रवाशांना सांगतो ती पद्धत अशी: बृहद्वृत्ताच्या अंतरात ३ टक्के वाढवा, कारण विमान नेमक्या त्या रेषेवरून कधीच जात नाही. त्याला ठरावीक बिंदूंवरून, हवाई मार्गांवरून, उतरण्याच्या रांगेतून जावं लागतं. मग ९०० मध्ये वारा मिळवा किंवा वजा करा आणि भागाकार करा. शेवटी ३५-४० मिनिटं जोडा. ही मिनिटं जमिनीवर रांगत धावपट्टीपर्यंत जाण्याची, हळू वेगात चढण्या-उतरण्याची आणि उतरल्यावर गेटपर्यंत पोचण्याची. अनेक देशांत १०,००० फुटांखाली वेग २५० नॉट्सच्या (म्हणजे ताशी २५० सागरी मैलांच्या) वर नेता येत नाही, त्यामुळे सुरुवातीचे आणि शेवटचे किलोमीटर महाग पडतात.

टोकियो–लॉस एंजेलिसचे चपट्या पृथ्वीवरचे ८,७७० किमी धरू. ३ टक्के वाढवले की सुमारे ९,०३० किमी. पूर्वेला जाताना मार्गभर सरासरी ताशी ८० किमीचा वारा पाठीशी मिळाला तर वेग ९८०, वेळ ९.२ तास, अधिक ३५ मिनिटं: पावणेदहा ते दहा तास. परत येताना तोच वारा समोरून आला तर वेग ८२०, वेळ ११ तास, अधिक ३५ मिनिटं: साडेअकरा तास. वेळापत्रकात याच्याच आसपासचे आकडे दिसतील. जाण्या-येण्याच्या वेळेतला दीड-पावणेदोन तासांचा फरक इथून येतो.

८० हा आकडा सरासरीचा आहे. जानेवारीत तो बराच जास्त असू शकतो, जुलैत कमी. आणि आम्ही वाऱ्याची वाट पाहत बसत नाही, मार्गच त्याच्याप्रमाणे बदलतो. पूर्वेला जाणाऱ्या विमानाला थोडं दक्षिणेकडे नेऊन जेट स्ट्रीममध्ये बसवतो. पश्चिमेला येणाऱ्याला उत्तरेकडून, वारा मंद असेल तिथून आणतो. अटलांटिकवर तर युरोप-अमेरिका वाहतुकीसाठी समांतर मार्गांचा संच रोज नव्याने जाहीर होतो, पश्चिमेकडे जाणाऱ्यांचा वेगळा आणि पूर्वेकडे जाणाऱ्यांचा वेगळा. कालचा मार्ग आज असेलच असं नाही.

या सगळ्याचं सर्वांत बोलकं उदाहरण एअर इंडियाच्या दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को उड्डाणाचं. बृहद्वृत्ताचं अंतर सुमारे १२,४०० किमी. ऑक्टोबर २०१६ पर्यंत हे विमान युरोप आणि अटलांटिकवरून जायचं, सुमारे १३,९०० किमी. मग ते पूर्वेकडून, पॅसिफिकवरून नेलं. अंतर वाढून सुमारे १५,३०० किमी झालं, म्हणजे १,४०० किमी जास्त. वेळ मात्र साडेचौदा तासांवर आला, आधीपेक्षा जवळपास दोन तास कमी. भागून पाहा: जुन्या मार्गावर सरासरी वेग ताशी ८४० च्या आसपास, नव्यावर १,०५०. इंजिनं तीच, हवेतला वेग तोच. किलोमीटर पाहून वेळ ठरवणारा माणूस इथे हमखास चुकेल. म्हणून लांबच्या मार्गावर आम्ही जमिनीवरचं अंतर बाजूला ठेवतो आणि विमान हवेतून किती अंतर कापणार आहे तेवढंच मोजतो, कारण इंधनही त्याच अंतरावर जळतं.

उत्तर-दक्षिण प्रवासात हा खेळ बराच शांत असतो. लंडन–जोहान्सबर्ग ९,०७५ किमी, म्हणजे टोकियो–लॉस एंजेलिसपेक्षाही थोडं लांब. पण वारा बहुतेक आडवा लागतो, त्यामुळे दोन्ही दिशांना साधारण अकरा तासच लागतात.

वाऱ्याइतकीच मोठी गोष्ट म्हणजे बंद आकाश, आणि ती कोणत्याही सूत्रात बसत नाही. हेलसिंकी–टोकियो बृहद्वृत्ताने ७,८३० किमी. रशियावरून जाता येत होतं तेव्हा साडेनऊ तासांच्या आसपास लागत. २०२२ मध्ये रशियाचं आकाश युरोपीय कंपन्यांना बंद झालं आणि तोच प्रवास, उत्तर ध्रुवाच्या बाजूने किंवा दक्षिणेकडून वळसा घालत, सुमारे तेरा तासांचा झाला. २०१९ मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत पाकिस्तानचं आकाश भारतीय विमानांना बंद होतं, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्यांनीही हे अनुभवलं. त्यामुळे कॅल्क्युलेटरचा वेळ आणि वेळापत्रकातला वेळ यांत दोन-तीन तासांची तफावत दिसली, तर आधी मधले कोणते देश ओलांडावे लागतात ते पाहा. दोन इंजिनांच्या विमानांना आणीबाणीत उतरण्याजोग्या विमानतळापासून ठरावीक मिनिटांच्या अंतरातच राहावं लागतं. ही मर्यादा आता इतकी सैल आहे की उत्तर गोलार्धात तिचा क्वचितच अडथळा होतो. दक्षिणेच्या महासागरांवर मात्र ती आजही मार्ग वाकवते.

आता घड्याळ. तिकिटावरच्या दोन्ही वेळा त्या त्या ठिकाणच्या स्थानिक असतात. त्यांची थेट वजाबाकी करू नका. दोन्ही आधी जागतिक प्रमाणवेळेत आणा आणि मग वजा करा. नरिताहून संध्याकाळी ५ वाजता निघालात, जपान ९ तास पुढे, म्हणजे जागतिक वेळ सकाळचे ८. दहा तासांनी संध्याकाळचे ६. हिवाळ्यात लॉस एंजेलिस ८ तास मागे, म्हणजे तिथे सकाळचे १०, आणि तारीख तीच. निघालात त्याच्या सात तास आधी पोचलात! परतीला उलटं होतं आणि कॅलेंडरचा एक दिवस जातो. हॉटेलचं बुकिंग करताना ही तारीख दोनदा तपासा.

यात एक खाच आहे. अमेरिकेत घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे करतात, युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी. मधल्या दोन-तीन आठवड्यांत लंडन–न्यूयॉर्क फरक पाच तासांचा न राहता चार तासांचा होतो. जपान आणि भारत घड्याळ बदलतच नाहीत. या दिवसांतला प्रवास असेल तर पाठ असलेला फरक वापरू नका, त्या तारखेचा फरक पाहा.

मध्ये विमान बदलायचं असेल तर प्रत्येक टप्प्याचं गणित वेगळं करा, कारण ३५-४० मिनिटांची भर प्रत्येक टप्प्याला पडते. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असतील तर विमान चुकल्यावर पुढची सोय करणं साधारणपणे कंपनीकडे येतं. वेगवेगळी तिकिटं असतील तर ती जोखीम तुमची, म्हणून मधला वेळ सढळ ठेवा. आणि मधलं विमानतळ बृहद्वृत्तापासून किती बाजूला आहे हे दोन्ही टप्प्यांची अंतरं बेरीज करून पाहा. थेट अंतराच्या १० टक्क्यांपर्यंत वाढ असेल तर मी ती चांगली जोडणी समजतो.

वेळापत्रकातल्या वेळेत कंपन्या थोडा राखीव वेळ धरतात, गर्दीच्या विमानतळांसाठी जास्तच. तिकिटावर साडेअकरा तास असूनही विमान अकरा तासांत पोचलं, तर त्यात नवल नाही. तुम्हाला कागदावरची नव्हे तर खरी वेळ हवी असेल, तर विमानांचा मागोवा घेणाऱ्या संकेतस्थळावर त्याच क्रमांकाच्या उड्डाणाचे मागचे दहा-पंधरा दिवस पाहा. गेटपासून गेटपर्यंतचा वेळ वेगळा टिपा आणि हवेतला वेगळा, म्हणजे उशीर जमिनीवर होतो की वाऱ्यामुळे हे लगेच कळेल. प्रवास सहा महिन्यांनी असेल तर मागच्या वर्षीचा तोच महिना पाहा. जुलैतले आकडे जानेवारीतल्या प्रवासाला लावले, तर पश्चिमेला जाताना तासभराचाही घोळ होऊ शकतो.